कंपनीने सर्व्हर बंद केला, सहा स्मार्ट प्लग मुके झाले. उघडू का?

उघडमीट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा वायफाय प्लग आहेत. तीनेक वर्षं बिनबोभाट चालले. मग कंपनीने सर्व्हर बंद केला आणि आता अ‍ॅप उघडलं की नुसतं चक्र फिरत राहतं. प्लगवरचं बटण दाबलं तर रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) टक् करून वाजतो, म्हणजे जीव आहे. फोनचं मात्र काही ऐकत नाहीत. एक मित्र म्हणाला, आत एक साधा मायक्रोकंट्रोलर असतो, त्यावर दुसरं फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्राम) चढवलं की कंपनी गेली उडत.

मी कोड लिहून पोट भरतो, पण सोल्डरिंगचा अनुभव म्हणजे कॉलेजात एकदा बोट भाजलं होतं, तेवढाच. तर पहिला प्रश्न, मला हे जमेल का? आणि दुसरा, असल्या स्वस्त वस्तूंमागे वेळ घालवण्यात काही अर्थ आहे का? तुम्ही काय काय उघडलंत तेही लिहा. बिघडवलंत ते आधी लिहा.

चिमटा
रुमाल टाकून ठेवतो. असलेच चार माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेत.

डाखवाला
जमेल हो. बोट भाजलंय ना, मग प्रवेश परीक्षा झाली.

अशा बऱ्याच प्लगमध्ये ईएसपी८२६६ ही वायफायवाली चिप किंवा त्याचा धाकटा भाऊ ईएसपी८२८५ असतो. संगणकाला चिपशी बोलता यावं म्हणून एक यूएसबी-टीटीएल अडॅप्टर लागेल. तो ३.३ व्होल्टवर ठेवा, ५ वर ठेवलात तर चिपला शेवटचा नमस्कार. तारा चारच: ३.३, ग्राउंड, आरएक्स (ऐकायची), टीएक्स (बोलायची). अडॅप्टरचा टीएक्स चिपच्या आरएक्सला आणि चिपचा टीएक्स अडॅप्टरच्या आरएक्सला. पहिल्या वेळी सगळेच टीएक्सला टीएक्स जोडतात आणि अर्धा तास कपाळाला हात लावून बसतात. तुम्हीही बसाल.

वीज देताना जीपीआयओ-० ही पिन ग्राउंडला टेकवून धरायची, की चिप नेहमीचा प्रोग्राम न चालवता नवा घ्यायला तयार होते. खूपदा प्लगचं बटणच या पिनला जोडलेलं असतं, मग ते दाबून धरलं की काम झालं. स्क्रीनवर अगम्य अक्षरं आली तर घाबरू नका, सुरुवातीचा मजकूर ही चिप ७४८८० बॉडच्या वेगाने बोलते. जुन्या फर्मवेअरची प्रत आधी काढून ठेवा, मग तास्मोटा हे खुलं फर्मवेअर चढवा. वायफाय, वेळापत्रक, एमक्यूटीटी (यंत्रांनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत) सगळं घरातल्या घरात चालतं.

अर्थिंग
डाखवाले, सगळं बरोबर लिहिलंत आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं.

हे सगळं प्लग भिंतीतून काढूनच करायचं. "फक्त एकदा बघतो" म्हणूनही भिंतीत लावून अडॅप्टर जोडायचा नाही. मोबाइलच्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे घरची लाइन आणि तुमचा हात यांच्यात फारकत असते. या प्लगमध्ये बहुतेक वेळा तशी फारकत नसते. वीज मोजणारा प्लग असेल तर आतला ३.३ व्होल्टचा ग्राउंड एका बारक्या शंटमधून (वीज मोजायच्या रोधकातून) थेट लाइनला बांधलेला असू शकतो. तो यूएसबीतून लॅपटॉपच्या बॉडीवर येतो आणि लॅपटॉपवर तुमचे हात असतात. पुढचं लिहीत नाही.

उघडमीट
बापरे. हे मला खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

खोडरबर
अर्थिंगराव, तुमचं सदस्यनाव वाचून मला हा धागा सुरक्षित हातात आहे असं वाटतं.

निवांत_नाना
मी जरा उलट्या बाजूने लिहितो, राग मानू नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असला हा प्रकार आहे. प्लग स्वस्त. त्यासाठी अडॅप्टर आणा, सोल्डरिंग गन आणा, तीन रविवार घालवा, आणि शेवटी हाती काय, तर दिवा लावणारा प्लग. दिवा मी उठूनही लावतो.

दुसरं असं की "पुनर्वापर, पुनर्वापर" म्हणत घरात अडगळ साठते. माझ्या भाच्याच्या खोलीत आठ राउटर आहेत. इंटरनेट एकच आहे.

वायरवाकडे
नाना, राउटरचा विषय काढलात म्हणून लिहितो, कारण ही सगळी जत्रा एका राउटरपासूनच भरली.

लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी, निळा-काळा, दोन शिंगांचा, २००२ च्या शेवटी आला. पुढच्या वर्षी लोकांच्या लक्षात आलं की आत चक्क लिनक्स चालतंय. लिनक्सचा परवाना जीपीएल, म्हणजे ते घालून वस्तू विकली तर सोर्स (मूळ कोड) द्यावा लागतो. बरीच ओरड झाली, तेव्हा कंपनीने सोर्स दिला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर सुरू झालं, आणि घरगुती डबा महागड्या राउटरची कामं करायला लागला.

खरी गंमत पुढे. पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली घातली आणि मेमरी निम्मी केली, २ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि ८ एमबी रॅम. गिऱ्हाइकं बिथरली. मग त्याच कंपनीने जुना लिनक्सवाला डबा डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने परत विकायला आणला. 'एल' लिनक्सचा. ज्या लोकांना आधी उपद्रवी समजले, त्यांच्यासाठीच वेगळं मॉडेल!

भाच्याला एक सांगा, ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाल्या जुन्या डब्यांवर आता नवं ओपनडब्ल्यूआरटी बसत नाही. ते खरंच अडगळीत टाकायला हरकत नाही.

निवांत_नाना
निरोप पोचवला. उत्तर आलं, "मामा, ते प्रयोगासाठी आहेत."

दूरचित्र
माझं आवडतं उदाहरण टीव्ही डोंगल. संगणकावर टीव्ही बघण्यासाठी अंगठ्याएवढी यूएसबी कांडी मिळायची, आत आरटीएल२८३२यू नावाची चिप. २०१२ च्या सुमारास लोकांना उमगलं की एफएम रेडिओ ऐकवताना ही चिप स्वतः काहीच उलगडत नाही, अँटेनातून आलेले कच्चे नमुने तसेच्या तसे संगणकाकडे ढकलते. म्हणजे टीव्ही विसरा, हा सर्वसाधारण रेडिओ रिसीव्हर झाला. आर८२०टी ट्यूनर असेल तर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ. नमुने फक्त ८ बिटांचे, त्यामुळे जवळ एखादं तगडं स्टेशन असलं की बाकीचं बुडतं, आणि कांडी तापते भरपूर. तरीही.

मी काय ऐकलं: १०९० मेगाहर्ट्झवर विमानं आपली उंची, जागा, वेग सारखी सांगत असतात. गच्चीवर अँटेना ठेवली आणि संध्याकाळभर नकाशावर विमानं सरकताना बघत बसलो. मग हवामान उपग्रह. ५३ सेंटिमीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या, मधला कोन १२० अंश, झाली अँटेना. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे जुने उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास चित्र पाठवायचे, आवाज घड्याळासारखा टिक-टॉक टिक-टॉक. आपल्या डोक्यावरचे ढग ओळीओळीने स्क्रीनवर उतरताना पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना झोपेतून उठवलं होतं. कुणालाही माझ्याइतका आनंद झाला नाही. ते उपग्रह २०२५ मध्ये निवृत्त केले. आता रशियाचे मेटिओर आहेत, चित्र जास्त सुरेख येतं, पण तो टिक-टॉक नाही.

(कुठल्या देशात काय ऐकायला परवानगी आहे त्याचे नियम वेगवेगळे असतात. आपापले तपासा.)

कोजागिरी
दूरचित्र, वाचून अंगावर काटा आला. ५३ सेंटिमीटरच्या कांड्या शोधायला निघाले.

माझं योगदान छोटं आहे. इकेआचं विंड्रिक्टनिंग म्हणून हवेतली धूळ मोजणारं पांढरं खोकं आहे. ते फक्त हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवतं. आकडा नाही, वायफाय नाही. पण आतला पीएम१००६ सेन्सर आपल्या मालकाला, म्हणजे आतल्या छोट्या चिपला, प्रत्यक्ष आकडा सिरियलवर सांगत असतो, ९६०० बॉडने. आपण फक्त भिंतीला कान लावायचा. ५ व्होल्ट, ग्राउंड आणि 'आरईएसटी' लिहिलेला एक टेस्ट पॉइंट, एवढ्या तीन तारा ईएसपी८२६६ च्या छोट्या बोर्डाला लावल्या. बोर्ड खोक्यातच मावतो, जणू त्याच्यासाठीच जागा ठेवली होती. मूळ दिवे पूर्वीसारखेच चालतात, काही पुसावं लागत नाही.

मला तरी ही पद्धत सगळ्यात भावते. वस्तूचं काही बिघडवायचं नाही, तिचं आतलं बोलणं ऐकायचं. स्वस्तातल्या डिजिटल व्हर्निअर कॅलिपरचंही तसंच. बॅटरीच्या झाकणाजवळ एक चिमुकली सरकपट्टी असते, तिच्याखाली चार पट्ट्या. बऱ्याच मॉडेलांत त्यावर २४ बिटांचं माप सतत येत असतं. फक्त तिथला व्होल्टेज १.५ असतो, म्हणून मध्ये एकेक ट्रान्झिस्टर घालून तो वर उचलावा लागतो.

चिमटा
कॅलिपरची पट्टी! मी इतकी वर्षं ती खिडकी घाण जाण्यासाठी आहे असं समजत होतो.

खोडरबर
ज्ञानात भर: २०२० मध्ये कुणीतरी प्रेग्नन्सी टेस्टवर डूम चालवला. १९९३ चा गेम, दोन रेघा दाखवायच्या पडद्यावर. निकाल: राक्षस झाला.

डाखवाला
खोडरबर, मजा म्हणून ठीक, पण त्यात स्क्रीनही बदलला होता आणि प्रोसेसरही. मूळचं फक्त प्लॅस्टिकचं कवच. त्या न्यायाने मी बुटात डूम चालवतो.

खरोखरचं उदाहरण हवं तर २०२५ मधलं घ्या. फेकून द्यायच्या व्हेपच्या (इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या) आतल्याच चिपवर एकाने वेबसाइट चालवली. २४ मेगाहर्ट्झची, २४ केबी फ्लॅश आणि ३ केबी रॅमची चिप. तीच, बदललेली नाही. मला त्यात कौतुकापेक्षा चीड जास्त आली. एकदा ओढून फेकायच्या नळीत ३२ बिटांचा प्रोसेसर आणि पुन्हा चार्ज होऊ शकणारा लिथियम सेल!

खोडरबर
बुटाचा व्हिडिओ टाका.

पितळी_स्क्रू
"बिघडवलंत ते आधी लिहा" म्हणालात आणि इतक्या प्रतिसादांत एकानेही लिहिलं नाही. सगळे शूरवीर. घ्या माझं.

राउटर होता, चांगला चालू. मला त्याची फ्लॅश चिप बाहेरून वाचायची होती. आठ पायांची चिप, वर चिमट्यासारखी क्लिप लावायची आणि सीएच३४१ए प्रोग्रामरला जोडायची. पहिला धडा: त्या काळ्या प्रोग्रामरचा वीजपुरवठा ३.३ व्होल्टचा असला तरी डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. हे मला नंतर कळलं. दुसरा: क्लिप लावली की आपण फक्त त्या चिपला वीज देत नाही, अख्खा बोर्ड त्यातून वीज पिऊ लागतो, मुख्य प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि तोही त्याच चिपशी बोलायला लागतो. दोघे एकदम बोलले की कुणाचंच कळत नाही.

मी दोनदा वाचलं. दोन्ही फाइली वेगळ्या आल्या. इथे शहाणा माणूस थांबतो. मी म्हटलं असेल काहीतरी, दुसरी फाइल बरी दिसतेय. चिप पुसली, नवं फर्मवेअर लिहिलं. राउटर सुरू झाला! नाचलो. मग लक्षात आलं की वायफाय शेजारच्या खोलीतसुद्धा पोचत नाही.

कारण असं की फ्लॅशच्या एका कोपऱ्यात रेडिओच्या जुळणीची माहिती असते. ती प्रत्येक नगाची वेगळी, कारखान्यात मोजून भरलेली. मी ती पुसली होती आणि माझ्याकडची प्रत कचरा होती. दुसऱ्या राउटरची घालून बघितली. चालतं, पण परक्याचा चष्मा घातल्यासारखं. तो डबा आजही आहे, वायरने चालतो.

तेव्हापासून तीनदा वाचतो, एमडी५ (फाइलचा ठसा) जुळला तरच पुढे.

वायरवाकडे
_/\_ परक्याचा चष्मा. हे माझ्या भिंतीवर लावतो.

निवांत_नाना
पाहा. मी म्हणत होतो ते हेच. चालू वस्तू होती ना?

पितळी_स्क्रू
होती नाना. पण आता बोर्ड बघून कुठे काय असेल ते मला दिसतं. एका ओळीत चार भोकं दिसली की हात आपोआप मल्टिमीटरकडे जातो: जे भोक चिपवरच्या पत्र्याच्या ढालीशी बीप देतं ते ग्राउंड, जिथे सुरू होताना व्होल्टेज ३.३ च्या खाली फडफडतं ते टीएक्स. एक राउटर गेला, त्याची फी समजा.

कोजागिरी
नानांच्या बाजूने थोडं बोलते. हे पैसे वाचवण्यासाठी करतो असं म्हणणारे (आमच्या घरचा एक धरून) स्वतःला फसवतात. वाचत काही नाही. वेळेचा हिशेब धरला तर प्रत्येक प्लग सोन्याचा. पण उघडमीटचा प्रश्न जुन्या वस्तूचा आहे, जी त्यांनी आधीच घेतली आहे आणि जी धडधाकट आहे. सर्व्हर कंपनीचा होता, प्लग त्यांचा आहे.

वायरवाकडे
हा मालकीचा वाद जुना आहे. २००० साली क्यूकॅट नावाचं मांजराच्या आकाराचं बारकोड वाचायचं यंत्र अमेरिकेत फुकट वाटलं होतं. मासिकातली जाहिरात स्कॅन करा, कंपनीचं पान उघडेल, अशी कल्पना. प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक, म्हणजे कोण काय बघतो याची नोंद. लोकांना जाहिराती नको होत्या, बारकोड रीडर हवा होता. माहिती किरकोळ कोड्यात गुंडाळलेली होती, ते लगेच सुटलं. कंपनीने वकिलांच्या नोटिसा धाडल्या, म्हणे यंत्र दिलंय पण विकलेलं नाही. पुढे कंपनीच बुडाली आणि मांजरं लोकांच्या घरी पुस्तकांच्या याद्या करत बसली.

उलट किनेक्टचं बघा, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्सला जोडायचा कॅमेरा. ४ नोव्हेंबर २०१० ला बाजारात आलं. अ‍ॅडाफ्रूट या इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीने खुल्या ड्रायव्हरसाठी बक्षीस लावलं, मायक्रोसॉफ्टने नाक मुरडलं, तर त्यांनी बक्षीस वाढवलं. १० तारखेला हेक्टर मार्टिनने चालवून दाखवलं. मग मायक्रोसॉफ्टच म्हणू लागलं की यूएसबी आम्ही मुद्दामच उघडी ठेवली होती. तोवर रोबोट बनवणाऱ्यांना समोरच्या वस्तूंचं अंतर मोजणारा इतका स्वस्त कॅमेरा मिळाला नव्हता.

अर्थिंग
अवांतरात एक इशारा देऊन ठेवतो, कारण असे धागे वाचून लोक उत्साहात काहीही उघडतात. मायक्रोवेव्ह ओव्हन उघडू नका. ट्रान्सफॉर्मरमधून २००० व्होल्टच्या घरात दाब येतो आणि हात सोडवायला वेळ मिळत नाही. त्यातून लाकडावर विजेची नक्षी काढण्याच्या नादात माणसं मेली आहेत. फ्लॅशवाला जुना कॅमेरा: सेल काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्ट राहू शकतात. फुगलेली लिथियम बॅटरी: दाबू नका, टोचू नका.

जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायचा डबा मात्र न उघडता वापरता येतो. हिरवी तार काळ्या तारेला जोडली की सुरू होतो. पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३. उत्तम बेंच सप्लाय.

उघडमीट
मंडळी, परत आलो. एक प्लग उघडला. स्क्रू नव्हतेच, चिकटवलेला होता. व्हाइसमध्ये कडा हलकेच दाबल्यावर कट् करून सुटला.

डाखवाले, आत ईएसपी नाही. मॉड्यूलवर सीबी२एस लिहिलंय. आता?

डाखवाला
मग ती बीके७२३१एन. हल्ली हाच अनुभव. खोकं तेच, मॉडेल क्रमांक तोच, आतली चिप वेगळी. तास्मोटा चालणार नाही, या चिपसाठीचं तसंच खुलं फर्मवेअर ओपनबेकन टाका. तारा आरएक्स१ आणि टीएक्स१ ला. जीपीआयओ-० चा प्रकार इथे नाही. फ्लॅश करणारा प्रोग्राम वाट बघत असताना सीईएन (चिप चालू-बंद करणारी) पिन क्षणभर ग्राउंडला टेकवायची. वेळ साधावी लागते, चौथ्या-पाचव्या प्रयत्नात हात बसतो.

उघडमीट
चिप सापडते, थोडं वाचलं जातं आणि मग संपर्क तुटतो. पंधरा वेळा केलं. तारा बदलल्या, केबल बदलली, आता संगणक बदलायचा राहिलाय.

पितळी_स्क्रू
अडॅप्टर एफटी२३२ वाला आहे का? त्याच्या ३.३ व्होल्टच्या पिनमधून जेमतेम ५० मिलीअँपिअर मिळतात. वायफायवाली चिप जागी झाली की याच्या कितीतरी पट मागते. व्होल्टेज कोसळतो, ती पुन्हा सुरू होते. अडॅप्टरच्या ५ व्होल्टवर एएमएस१११७-३.३ रेग्युलेटर बसवा आणि तिथून वीज द्या. ग्राउंड सगळ्यांचा एक.

उघडमीट
!!!!! चालला. पहिल्या प्रयत्नात.

खोडरबर
पाच उद्गारचिन्हं मोजली. प्रत्येक प्लगला एक. सहाव्याचं काय झालं?

उघडमीट
तुम्ही माणूस आहात की ज्योतिषी? तीन दिवसांत पाच झाले. सहाव्याला इस्त्रीसारखी सोल्डरिंग गन दाबून धरली आणि आरएक्सची तांब्याची टिकली बोर्डावरून उखडली. बोटही भाजलं, तेच, कॉलेजातलंच.

बाकीचे पाच आता फोनचं ऐकतात आणि घराबाहेर कुणाशीही बोलत नाहीत. वीज मोजायची चिपही आहे आत, बीएल०९३७, पण आकडे भलतेच दाखवते. रिकामा प्लग ११ वॅट म्हणतोय.

डाखवाला
जुना तारेचा ६० वॅटचा बल्ब लावा आणि तो आकडा फर्मवेअरला सांगा, मग सुधारेल. एलईडीवर जुळवू नका, चुकतं.

अर्थिंग
आणि उघडून परत चिकटवलेल्या प्लगवर हीटर लावायचा नाही, रिलेवर काहीही छापलेलं असो.

उघडमीट
नाही लावणार. टेबलवरचे दिवे आणि एक पंखा. सहाव्या प्लगचं मॉड्यूल काढून ठेवलंय, रिलेही. प्रयोगासाठी.

निवांत_नाना
एक विचारायचं होतं. हसू नका. बागेत खोचायचा सौरदिवा बंद पडला होता म्हणून सहज उघडला. आत एक सेल, एक कॉइल आणि चार पायांची काळी चकती. भिंग लावून वाचलं तर ५२५२एफ लिहिलंय. बस्स, एवढंच! मग अंधार पडला हे त्याला कळतं कसं? सेन्सर कुठेच दिसत नाही.

कोजागिरी
नाना, सौरपट्टीच सेन्सर आहे. तिच्यावरचा व्होल्टेज पडला की चिप समजते, रात्र झाली. मग १.२ व्होल्टच्या सेलमधून कॉइलच्या झटक्यांनी एलईडीपुरता दाब तयार करते. बहुधा सेलच गेला असेल. कॉइल बदलून बघा, उजेड कमी-जास्त होतो.

निवांत_नाना
सेल बदलला, लागला. आता वेगळ्या कॉइल कुठून काढता येतील? भाच्याकडे आठ राउटर आहेत.